चावी खिशात, तरी गाडी उघडेना: कीलेस एंट्रीतला येता-जाता बिघाड कसा शोधला

नांदगावच्या माझ्या मामांनी चार वर्षांपूर्वी एक जुनी लक्झरी सेडान घेतली. गाडी तेव्हाच दहा वर्षांची होती. नवी असतानाची तिची किंमत ऐकली तर झोप उडेल, पण जुनी म्हणून नव्या हॅचबॅकच्या भावात मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता आणि हेच दुखणं त्या वयाच्या बहुतेक महागड्या गाड्यांना होतं.

दुखणं असं. चावी खिशात ठेवून हँडलला हात लावला की दार उघडायला हवं. दसऱ्याच्या आसपास कधी उघडायचं, कधी नाही, असं सुरू झालं. कधी रिमोटचं बटण दाबलं तरी गाडी ढिम्म. पाच मिनिटांनी काहीच झालं नसल्यासारखी उघडायची. नाशिकच्या गॅरेजमध्ये शंभराहून जास्त किलोमीटर गाडी नेली, तर तिथे दिवसभर एकदाही अडली नाही. त्यांनी तरीही अंदाज दिला: दोन नव्या चाव्या आणि एक कंट्रोल मॉड्यूल, मिळून एक लाख चाळीस हजार.

मग एका रात्री आजीला दम लागला. मालेगावला न्यायचं ठरलं, आजीला खुर्चीसकट पोर्चमध्ये आणून बसवलं, आणि गाडी उघडेना. दहा मिनिटं सगळे आळीपाळीने बटण दाबत होते. शेवटी शेजाऱ्यांच्या पिकअपमधून नेलं. आजी आता बरी आहे, पण घरात वातावरण बिघडलं. मामांचा संशय गाडी चालवणाऱ्या पोरावर. गाडी धुताना हा चावी भिजवतो, नाहीतर पाडतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी दिवाळीला गेलो तेव्हा त्या पोराला महिनाअखेर 'उद्यापासून येऊ नको' सांगायचं नक्की झालं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला. गाडीचं इंजिन उघडून बसायची माझी लायकी नाही. पण कधी येतो, कधी जातो, साहेबांसमोर कधीच दिसत नाही, असल्या बगवर माझं पोट चालतं. म्हणून म्हटलं, मॉड्यूल बदलण्याआधी पंधरा दिवस द्या.

गाडी आणि चावी काय बोलतात

बिघाड शोधायचा तर आधी संभाषण समजून घ्यावं लागतं. बहुतेक लोकांना वाटतं की चावी सतत सिग्नल सोडत असते. तसं नाही. तसं असतं तर तिचा सेल आठवडाभरही टिकला नसता. चावी झोपलेली असते. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा हँडलमधला सेन्सर गाडीला उठवतो. गाडी त्याच हँडलमध्ये बसवलेल्या छोट्या अँटेनातून हाक मारते. ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्झवर असते, म्हणजे खूपच कमी फ्रिक्वेन्सी. तिचं चुंबकीय क्षेत्र दीड-दोन मीटरच्या पुढे झपाट्याने विरतं, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. चावी ड्रायव्हरच्या दाराजवळ आहे, डिकीजवळ आहे की आत सीटवर, हे गाडी त्यावरूनच ओळखते. म्हणून अशा अँटेना एक नाही, चार-पाच असतात: हँडलमध्ये, केबिनमध्ये, मागच्या बंपरजवळ.

हाक ऐकून चावी जागी होते आणि उत्तर देते. हे उत्तर मात्र दुसऱ्या वाटेने जातं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असतं. गाडीने हाकेसोबत एक आकडा पाठवलेला असतो, दर वेळी नवा. चावी आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने त्या आकड्याचं कूट उत्तर बनवते, गाडी ते ताडून पाहते, जुळलं तर कुलूप उघडतं. हे सगळं हात मागे घ्यायच्या आत.

तुम्ही बटण दाबता तेव्हा पहिली पायरी गाळली जाते. हाक नाही, काही नाही, चावी थेट ४३३ वर ओरडते.

इथेच निदानाची गुरुकिल्ली आहे. बटण चालतंय आणि हात लावून दार उघडत नाही, तर चावीचं बोलणं आणि गाडीचे ४३३ चे कान ठीक आहेत. गडबड हाकेच्या वाटेवर आहे: हँडलचा सेन्सर, अँटेना किंवा तिथवर जाणारी वायर. त्यातही एकाच दाराला होत असेल तर बाकीची गाडी सोडा, ते दार पकडा. बटणही चालत नसेल तर सेल, चावी, गाडीचा रिसिव्हर, किंवा मधल्या हवेत काहीतरी. ही परीक्षा करायला एक पैसा लागत नाही, आणि नाशिकच्या अंदाजपत्रकाआधी ती कुणी केलेली नव्हती.

पोराची वही

मी गाडीजवळ राहू शकत नव्हतो, पुण्याला परत यायचं होतं. म्हणून नोंदी ठेवायचं काम मी त्या पोरालाच दिलं. मामा म्हणाले, "चोराच्या हातात जामदारखाना." मी म्हटलं, गाडी दिवसभर ज्याच्याकडे असते तोच लिहिणार. फोनमध्ये प्रत्येक वेळी लिहायचं: वेळ, जागा, कोणतं दार, हाताने उघडलं का, बटणाने उघडलं का. उघडलं तेही लिहायचं, कारण फक्त बिघाड लिहिले तर तुलना कशाशी करणार?

सोळा दिवसांत बावीस वेळा गाडी अडली. मी यादी जागेप्रमाणे लावली आणि तिचे दोन तुकडे पडले. नऊ वेळा गाडी कुठेही अडली होती, मनमाडच्या बाजार समितीत, पंपावर, भर दुपारीसुद्धा. पण दर वेळी ड्रायव्हरचंच दार, आणि बटण व्यवस्थित. उरलेल्या तेरा वेळा घराच्या पोर्चमध्ये, अंधार पडल्यावर, कोणतंही दार, आणि बटणही चाललं नव्हतं.

म्हणजे बिघाड एक नव्हताच. दोन होते, एकमेकांत मिसळलेले. एकाच कारणाने सगळं जुळवायला गेलं तर काहीच जुळणार नाही.

आणि एक नोंद मी सांगितलेली नव्हती. पोराने आपणहून लिहिलं होतं: "रात्री ८.१०, पोर्च, लाईट गेलेली. पहिल्या झटक्यात उघडली." चार दिवसांनी पुन्हा तसंच.

लाईट गेल्यावर गाडी बरी होते! मी फोन करून विचारलं, पोर्चमध्ये रात्री काय चालू असतं? उत्तर आलं: नवरात्रात लावलेला नवा एलईडी फोकस, गाडीच्या बरोबर वर.

एलईडीला थेट घरची वीज चालत नाही. फोकसच्या पाठीत एक सर्किट असतं, ते विजेची सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तुकडे पाडतं. अशा चालू-बंद होण्यातून रेडिओ गोंगाट होतो आणि तो मूळ फ्रिक्वेन्सीच्या कितीतरी पट वरपर्यंत पसरतो. चांगल्या दिव्यात तो अडवायला फिल्टर असतो. स्वस्तात पहिली कात्री त्या फिल्टरलाच लागते, आणि मग भिंतीवरची वायरच अँटेना बनते. चावीचा सेल एवढासा, तिचा आवाज एवढासा. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कानात कुजबुजावं तसं ते. गाडी बहिरी नव्हती, तिला ऐकूच येत नव्हतं.

पुढच्या फेरीत मी माझा आरटीएल-एसडीआर घेऊन गेलो. मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेल्या चिपवर चालणारा हा यूएसबी डोंगल आहे. लॅपटॉपला जोडला की ४३३ च्या आसपासची हवा पडद्यावर दिसते. फोकस बंद असताना चावीचं बटण दाबलं की स्वच्छ उभी रेघ यायची. फोकस लावला आणि अख्खा पडदा उजळला, रेघ त्यात बुडाली. मामा शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत, स्वतः जाऊन फोकसचं बटण चार वेळा चालू-बंद करून पाहिलं.

तुमच्याकडे डोंगल असायची गरज नाही. गाडी जिथे अडते तिथून वीस-पंचवीस मीटर ढकलून पाहा, किंवा घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. फरक पडला तर दोष गाडीत नाही. संशयितांची यादीही लांब असते: सीसीटीव्हीचा अडॅप्टर, वायरलेस बेल, कारमधला स्वस्त चार्जर. चावी फोनच्या वायरलेस चार्जिंग पॅडवर किंवा त्याला चिकटून ठेवायची सवय असेल तर ती सोडा; तो पॅड गाडीच्या हाकेच्या फ्रिक्वेन्सीच्याच आसपास चालतो.

ड्रायव्हरचं दार

दुसरा बिघाड जास्त कंटाळवाणा आणि जास्त नेहमीचा. दार आणि गाडीच्या सांगाड्यामध्ये, बिजागरीजवळ, एक रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. ड्रायव्हरचं दार दिवसातून दहा वेळा उघडलं असं धरलं तरी चौदा वर्षांत पन्नास हजारांच्या वर वाक पडतात. रबर तसंच दिसतं, आत तांबं तुटतं. वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे तुटलेली टोकं कधी टेकतात, कधी सुटतात.

गॅरेजमध्ये हे का सापडलं नाही? कारण दार उघडून तपासलं. दार उघडं असताना नळी ताणलेल्या अवस्थेत होती आणि टोकं टेकत होती. आम्ही नांदगावातल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हँडलच्या अँटेनाच्या दोन्ही वायरींना लांब वायर जोडून मल्टिमीटर खिडकीतून बाहेर घेतला आणि दार हळूहळू लावत गेलो. शेवटच्या वीतभरात मीटरची बीप थांबली. पुन्हा उघडलं, पुन्हा बीप.

हे काम करताना दोन गोष्टी. गाडीच्या बॅटरीची वायर आधी काढा. दारात एअरबॅगच्या वायरी असू शकतात, त्यांचे कनेक्टर सहसा पिवळे असतात, त्यांना हात लावायचा नाही. आणि तुटलेली वायर नळीच्या आतच पिळून टेप मारू नका. तिथे नुसतं सोल्डर केलं तरी सोल्डर तारांत शिरून त्या कडक करतं आणि जोड शेजारीच पुन्हा तुटतो. मिस्तरींनी त्याच जाडीचा लवचिक वायरचा लांब तुकडा घालून दोन्ही जोड वाकण्याच्या जागेपासून लांब, एक दारात आणि एक खांबाच्या आत घेतला. मजुरीसकट बाराशे रुपये. फोकस नऊशेचा, तोही लांबच्या भिंतीवर लावला.

स्कॅनरबद्दल एक सांगतो. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर साधारणपणे फक्त इंजिनचे कोड वाचतो. दारं आणि कुलपं ज्या मॉड्यूलकडे असतात तिथपर्यंत तो पोचत नाही, त्यामुळे 'कोड नाही' याचा अर्थ 'दोष नाही' असा होत नाही. मोठ्या स्कॅनरवर कोड दिसला तर आधी त्याचा फोटो काढा. आमच्या गाडीचे कोड कुणीतरी सवयीने पुसून टाकले होते, नाहीतर अँटेनाची वायर तुटल्याचं गाडीने कदाचित स्वतःच सांगितलं असतं.

सोप्या गोष्टी मी सगळ्यात आधी उरकल्या होत्या. चावीचा सीआर २०३२ सेल बदलला. हा सेल मीटरवर ३ व्होल्ट दाखवूनही थकलेला असू शकतो, कारण मीटर त्याच्यावर भार टाकत नाही. चावी बोलते त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा नवा टाकून पाहणं स्वस्त. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो, त्यामुळे क्वचित संपर्क नीट होत नाही; जुना सेल मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेला तर जिवावर बेततं. गाडीची मोठी बॅटरीही पाहिली. रात्रभर उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास मिळाले, म्हणून तो संशय सोडला. बारा किंवा त्याखाली असते तर आधी तीच बदलली असती; जुन्या लक्झरी गाड्या कमी व्होल्टेजवर भलत्याच तक्रारी करतात.

राहिली ती रात्र. मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की, तेव्हा गाडी उघडायची साधी किल्ली त्यांच्या हातातच होती. अशा चावीच्या पोटात धातूची एक पातळ किल्ली असते, बाजूची कळ सरकवली की बाहेर येते. तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. कुलपाचं भोक काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. अलार्म वाजला तर वाजू द्या. आत बसून चावी गाडीच्या ठरलेल्या जागी टेकवली की सेल मेलेला असला तरी गाडी सुरू होते, कारण चावीतल्या एका चिपला ताकद गाडीच पुरवते. ही जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते: कुठे स्टार्टच्या बटणावर, कुठे स्टिअरिंगच्या दांड्यावर, कुठे कपहोल्डरमध्ये. मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आजच पाहून ठेवा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

आम्ही ते पोर्चमध्येच केलं, फोकस मुद्दाम बंद ठेवून, अंधारात. दाखवायचं काम त्या पोराने केलं. मामींना तिसऱ्या खेपेला जमलं. तो अजून कामावर आहे. परवा त्याचा फोन आला, मागचं दार कधीकधी हाताने उघडत नाही म्हणून. मी विचारलं, गाडी किती दिवस उभी होती? म्हणाला, चार. अनेक गाड्यांत काही दिवस उभं राहिल्यावर बॅटरी वाचवायला हँडलचे सेन्सर झोपवले जातात, हँडल एकदा ओढलं की उठतात. त्याला म्हटलं, ओढून बघ, आणि लिहून ठेव.