टायरचें माप आणि डिझेलचा हिशेब

हल्लीं आपल्या सिंदेवाही भागांत धानाचीं पोतीं गिरणीवर, भाजीपाला नागपूरच्या कळमना बाजारांत आणि खत सोसायटीपासून शेतावर नेण्याचें काम बहुतांशीं पिकअप गाडीनें होतें. बंडी अद्यापि आहे, परंतु ती बांधीपासून खळ्यापर्यंत. पिकअप बाळगणारे कित्येक मालक मूळचे टायर झिजले म्हणजे त्यांच्या जागीं एक माप मोठे टायर बसवितात. गाडी थोडी उंच होते, बांधाच्या वाटेवर तिचें पोट घासत नाहीं, आणि दिसतेही भारदस्त. पुढें महिनाअखेर डिझेलचा हिशेब पाहतां गाडीचें ॲव्हरेज एकदम उतरलेलें दिसतें आणि बोट ड्रायव्हरकडे वळतें. डिझेल विकल्याचा संशय ही लहान गोष्ट नव्हे. त्यापायीं माणसाची नोकरी जाते, आणि गांवांत नांव जातें तें निराळेंच. याकरितां या हिशेबांत टायरच्या मापाचा वांटा किती, हें आम्ही येथें मांडीत आहों.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, तेव्हां दाखलाही तेथलाच देतों. मोजणीची साखळी वापरून वापरून तिच्या कड्या झिजल्या म्हणजे ती लांबते. मग तेंच शेत कमी साखळ्यांत भरतें आणि कागदावर लहान होतें. जमीन जागची हललेली नसते, माप हललेलें असतें. मोटारीचें चाक ही अशीच एक साखळी होय. गाडींतील किलोमीटरचा कांटा रस्ता मोजीत नाहीं, तो फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यास अमुक वाट असें कारखान्यांत ठरलेलें प्रमाण लावून आंकडा दाखवितो. चाक मोठें झालें तरी तें प्रमाण जुनेंच राहतें.

टायरच्या अंगावर जो आंकडा छापलेला असतो, त्यावरून हें सहज काढतां येतें. समजा, त्यावर २१५/७५ आर १५ असें लिहिलें आहे. यांतील २१५ ही मिलिमीटरमध्यें रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, अर्थात् सुमारें १६१ मिलिमीटर. १५ हा आंतील लोखंडी रिंगेचा व्यास इंचांत, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिंगेच्या वर एक व खालीं एक अशा दोन उंच्या मिळविल्या कीं चाकाचा सर्व व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो, आणि घेर सुमारें २ मीटर २१ सेंटिमीटर. आतां त्याच रिंगेवर २३५/७५ चा टायर चढविला, तर व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो व घेर २ मीटर ३० सेंटिमीटर. फरक सव्वाचार टक्क्यांचा. गाडी प्रत्यक्ष १०४ किलोमीटर चालली असतां कांटा १०० दाखवील. जे मालक किलोमीटरवर भाडें घेतात, त्यांनीं हा आंकडा विशेष ध्यानांत धरावा. दर शंभरास चार किलोमीटर ते फुकट वाहत असतात.

येथवर पुष्कळांस ठाऊक असतें. जें ठाऊक नसतें तें जुन्या टायरविषयीं. नव्या टायरची नक्षी सुमारें १० मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून २ वर आली, तर व्यास १६ मिलिमीटरनें घटतो. ही साखळी आंखूड झाली. अशा चाकावर कांटा १०० दाखवितो तेव्हां गाडी खरोखर पावणेअठ्ठ्याण्णवच चाललेली असते. म्हणजे ज्या जुन्या ॲव्हरेजशीं आपण नव्याची तुलना करतों, तें जुनें मुळांतच फुगलेलें असतें!

दोन्ही चुका एकत्र झाल्या म्हणजे काय होतें तें पाहूं. नव्या मूळ टायरवर कांटा बरोबर आहे असें धरूं. झिजलेल्या टायरवर १०० लिटर डिझेलमध्यें वहींत १२०० किलोमीटर लागत होते. मोठे नवे टायर बसविल्यावर तेवढ्याच डिझेलमध्यें १११० लागूं लागले. मालक म्हणेल, ९० किलोमीटर कोठें गेले? बाराच्या मानानें हें साडेसात लिटर डिझेल झालें, आणि साडेसात लिटर कोणी डोळ्यांआड करीत नाहीं. परंतु खरी वाट काढली तर जुन्या टायरवरची भरते ११७३ आणि नव्यावरची ११५७. तफावत १५-१६ किलोमीटरची, डिझेल सव्वा लिटरच्या आसपास. बाकीचें डिझेल कोणीं विकलें नाहीं, तें दोन खोट्या साखळ्यांच्या मधल्या फटींत आहे.

मग हें सव्वा लिटर तरी कां जातें? रबर दबतें व पुन्हां फुगतें, त्यांत दर फेऱ्यास थोडी शक्ति उष्णता होऊन वायां जाते. टायर रुंद, जाड नक्षीचा व जड असेल तर ही तूट वाढते. झिजलेल्या टायरमध्यें दबणारें रबरच कमी, म्हणून तो हलका चालतो. अर्थात् टायर त्याच मापाचा घेतला तरी नवेपणीं थोडें डिझेल अधिक लागणारच. टायरची बांधणी हेंही एक कारण आहे. बाजारांत ज्यास 'नायलॉन' म्हणतात त्या आडव्या-तिरप्या दोऱ्यांच्या टायरपेक्षां रेडियल टायर कमी तापतो व हलका फिरतो. रेडियलचें पेटंट फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं घेतलें. हवेचा टायर ज्यानें १८८८ सालीं बेलफास्ट येथें व्यवहारांत आणला तो जॉन बॉइड डनलॉप धंद्यानें जनावरांचा डॉक्टर होता. बंडीला रबरी चाकें लावून बैलांचे खांदे वांचविणाऱ्या आपल्या लोकांस ही गोष्ट आवडण्याजोगी आहे.

बंडीचा विषय निघाला म्हणून सांगतों. मोठें चाक चिखलांत कमी रुततें आणि खड्ड्यावरून सुखानें जातें, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव खोटा नाहीं. परंतु बैल आपल्या चालीनें ओढतो, इंजिनाला मात्र गिअरचें बंधन असतें. चाकाचा व्यास सव्वाचार टक्के वाढला कीं जमिनीवर पडणारा जोर चार टक्क्यांनीं कमी होतो. रिकामी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर एकसारखी चालली तर यांत फायदाही होऊं शकतो, कारण तितक्याच वेगास इंजिनाचे फेरे कमी लागतात. पण पोतीं भरून चढ लागला, किंवा पावसाळ्यांत पांदणीची वाट लागली, म्हणजे ड्रायव्हरास खालचा गिअर लवकर घ्यावा लागतो व क्लच अधिक घासतो. ब्रेकलाही मोठें चाक थांबविणें जड जातें. आपल्या गाड्या रिकाम्या थोड्या व भरलेल्या फार चालतात, हें पाहतां मूळ मापच ठेवावें असें आमचें स्पष्ट मत आहे. भारदस्तपणासाठीं कोणास खर्चच करावयाचा असेल तर त्याची मर्जी. मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरफारांविषयीं आहे. कारखान्यानें त्या गाडीस मान्य केलेलें माप सोडून दुसरें बसविण्यापूर्वीं तें समजून घ्यावें. टायरच्या अंगावर भार दाखविणारा आंकडाही असतो. १०० हा आंकडा एका टायरवर ८०० किलोग्रॅम भार दर्शवितो. स्वस्त पडतो म्हणून मूळ आंकड्याहून कमी भाराचा टायर पिकअपला कधींही घालूं नये.

हवेकडे मात्र आपलें दुर्लक्ष फार. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अजमासाप्रमाणें सर्व टायरांतील हवा एक पौंड उतरली तर इंधनाचें मान ०.२ टक्का घटतें. हा अजमास साधारण मोटारींचा आहे, तरी त्या मानानें दहा पौंड हवा कमी असल्यास दोन टक्के डिझेल जातें, म्हणजे वरील उदाहरणांतील मोठ्या टायरच्या खऱ्या तुटीहूनही अधिक. हवा सकाळीं, गाडी चालण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावी. भरलेल्या गाडीस व रिकाम्या गाडीस वेगळी हवा सांगितलेली असते, ती गाडीच्या पुस्तकांतून उतरून पंपाजवळ लावून ठेवावी.

आपल्या गाडीची साखळी किती खोटी आहे हें पाहण्यास कारागीर नको. मागच्या चाकावर व त्याखालीं जमिनीवर खडूची खूण करावी, नेहमींचा माल भरून गाडी सरळ दहा फेरे पुढें घ्यावी, आणि टेपनें अंतर मोजावें. भारानें टायर थोडा दबत असल्यामुळें हें अंतर कागदावरील घेराच्या दहापटीहून जरा कमी येईल, तें साहजिक आहे. टायर बदलण्याच्या दिवशीं जुन्यावर एकदां व नव्यावर एकदां असें मोजलें म्हणजे दोहोंचें प्रमाण हातीं येतें. याहून सोपें म्हणजे रस्त्याच्या कडेचे वीस किलोमीटरचे दगड मोजून कांट्याशीं ताडून पाहणें; मोबाईलमधील नकाशाही तेंच काम करतो.

नंतर डिझेलच्या वहींत एक जादा रकाना आंखून त्यांत टायर बदलल्याची तारीख, माप व हें प्रमाण लिहावें, आणि कांट्याचा आंकडा त्यानें गुणून मगच लिटरानें भागावें. टांकी प्रत्येक वेळीं त्याच पंपावर, पहिला खटका पडेपर्यंत भरावी. एका टांकीवरून निकाल करूं नये, निदान तीन-चार टांक्यांचा एकत्र हिशेब धरावा. भरलेल्या फेऱ्या व रिकाम्या फेऱ्या शक्य तों निराळ्या लिहाव्या. आणि त्या एकत्र करावयाच्या झाल्यास दोन ॲव्हरेजांची सरासरी न काढतां सर्व किलोमीटरांची बेरीज सर्व लिटरांच्या बेरजेनें भागावी.