हॉल उघडला, पण चालवायचा कसा?

इंग्लंडच्या खेड्यात चर्च असतं, पब असतो आणि बहुधा एक साधासा 'व्हिलेज हॉल' असतो. देशभरात असे दहा हजारांहून जास्त हॉल आहेत. सकाळी तिथे चिमुरड्यांचा खेळवर्ग भरतो, दुपारी वयस्कर मंडळी एकत्र जेवतात, संध्याकाळी बॅडमिंटन नाहीतर नाटकाची तालीम चालते आणि निवडणुकीच्या दिवशी तिथेच मतदान होतं. हे हॉल बहुतांशी गावातलीच बिनपगारी माणसं चालवतात. ती थकली, पांगली की हॉलला कुलूप लागतं. ते काढायचं, तर पुन्हा गावातल्याच कुणीतरी पुढे यावं लागतं.

या हॉलांची मोठी लाट पहिल्या महायुद्धानंतर आली. युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून अनेक गावांनी हॉल बांधले, त्यामुळे कित्येकांच्या नावात आजही 'मेमोरियल' आहे. लष्कराला नको झालेल्या लाकडी बराकी स्वस्तात मिळत होत्या, काही गावांनी त्याच आणून उभ्या केल्या. ब्रिटनमधली पहिली विमेन्स इन्स्टिट्यूट १९१५ साली वेल्समध्ये सुरू झाली. तिच्या शाखा गावोगाव पसरल्या तशी बायकांनाही जमायला हक्काची जागा हवी झाली आणि त्यांनीही हॉलसाठी पैसे उभे केले. त्या काळातल्या इमारती आता शंभरीच्या आसपास आहेत.

बंद हॉल ताब्यात घेणाऱ्या स्वयंसेवकांना रंगाच्या डब्याआधी जुनं विश्वस्तपत्र शोधावं लागतं. हॉल गावातल्या सर्व रहिवाशांसाठी आहे, राजकीय वा धार्मिक मतांवरून कुणाला वगळायचं नाही, असं त्यात सहसा लिहिलेलं असतं. कमिटी कशी नेमायची तेही त्यातच असतं. काही सभासद गावाच्या वार्षिक सभेत निवडले जातात आणि काही हॉल वापरणारे गट पाठवतात. महिला मंडळाचा एक, क्रिकेट क्लबचा एक, खेळवर्गाचा एक. जो वापरतो तोच कारभारात बसतो. जमिनीची कागदोपत्री मालकी पुष्कळदा पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीकडे असते, पण तिचं काम नुसतं सांभाळण्याचं. रोजचा कारभार कमिटी पाहते.

या जुन्या रचनेत एक अडचण आहे. अशा ट्रस्टला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं. ठेकेदाराशी करार करायचा तर विश्वस्तांनी स्वतःच्या नावावर करायचा, आणि देणं थकलं तर ते त्यांच्या खिशातून जाऊ शकतं. मग तरुण माणसं कमिटीवर यायला कचरतात. २०१३ पासून धर्मादाय संस्थांना वेगळ्या प्रकारची नोंदणी करता येते. तीत करार आणि देणं संस्थेच्या नावावर राहतं. म्हणून पुष्कळ गावं हे कागद आधी बदलून घेतात आणि मग छताकडे वळतात.

छताकडे वळल्यावर श्रमदानाच्या मर्यादा कळतात. रंग खरवडणं, फरशी घासणं, आवार साफ करणं गावकऱ्यांना जमतं. पण ब्रिटनमध्ये १९९९ साली पूर्ण बंदी येण्यापूर्वीच्या बांधकामात ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो प्रशिक्षित माणसांकडूनच काढून घ्यावा लागतो. माळ्यावर वटवाघळं असली तर काम थांबतं, कारण त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. भिंतींची गोष्ट आपल्या जुन्या वाड्यांसारखीच. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर मागच्या पिढीने सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो, ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. तो गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचा करणं, हे अशा दुरुस्तीतलं मोठं आणि वेळखाऊ काम.

पैशाचं गणित तर आणखी विचित्र आहे. धर्मादाय संस्थेने नवा हॉल बांधला तर बांधकामावर व्हॅट शून्य, पण जुना दुरुस्त केला तर २० टक्के. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, सरकारने हॉलांच्या सुधारणेसाठी ३० लाख पौंडांचा निधी जाहीर केला. त्यातून मिळणार होता प्रकल्पाच्या खर्चाचा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण कराइतकाच. उरलेलं लॉटरी निधीतून, दानशूर संस्थांकडून, जत्रा-सेलमधून आणि गावाच्या वर्गणीतून जमवायचं.

तरीही छत एकदाच घालावं लागतं, विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं. हॉल पुन्हा बंद पडतो तो इथे. म्हणून जाणत्या कमिट्या काम चालू असतानाच घरोघर विचारतात, तुम्ही हॉल कशाला वापराल? दर मंगळवारी येणारा योगवर्ग वर्षातून एकदा होणाऱ्या लग्नापेक्षा मोलाचा, कारण त्याचं भाडं ठरलेलं असतं. शनिवार-रविवारचे समारंभ जास्त दराने द्यायचे आणि त्यातून सकाळचा खेळवर्ग स्वस्त ठेवायचा, अशी ही वाटणी. इंग्लंडच्या लहान शहरांतली मराठी मंडळंही असेच सार्वजनिक हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवतात. आरतीच्या धुराने आगीची घंटा वाजू नये, याची चौकशी आधीच करून ठेवतात.

आपल्याकडे गावोगाव समाजमंदिरं आहेत. आमदार-खासदारांच्या निधीतून ती उभी राहतात, कोनशिला बसते आणि काही वर्षांत कित्येकांत खतांची पोती नाहीतर मंडपाचे बांबू दिसतात. श्रमदान आपल्याला नवं नाही, ग्रामस्वच्छता अभियानात गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली होती. पण झाडून-रंगवून झाल्यावर किल्ली कुणाकडे, बिल कोण भरणार आणि मंगळवारी संध्याकाळी आत कोण असणार, हे बहुधा ठरलेलं नसतं. ते ठरवायला निधी लागत नाही. बचतगट, भजनी मंडळ, अभ्यासिकेतली मुलं आणि व्यायामशाळा यांचा एकेक माणूस घेऊन कमिटी करायची आणि तिने आठवड्याचं वेळापत्रक दारावर लावायचं. दुरुस्तीचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा अंदाजपत्रकाला हे वेळापत्रक जोडलेलं आहे का, एवढा एक प्रश्न कुणीतरी उभं राहून विचारायला हवा.