वीस डॉलरची रायफल आणि जन्मभराची हळहळ

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या आपल्या मालिकेत आज लष्करी रायफली. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे या छंदवाल्यांच्या घोळक्यात दहा मिनिटं उभं राहिलं, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "तेव्हा घेतली असती तर!" आणि "तेव्हा कापली नसती तर!"

पहिली हळहळ माझीही आहे. २०११ साली ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं. एका दुकानात रशियन मोसिन-नागांट रायफलींनी भरलेली पेटी दिसली. किंमत शंभर डॉलरच्या आत. म्हटलं, एवढा ढीग पडलाय, कुठे पळून जातायत? आज तीच रायफल कितीतरी पट महाग आहे. ढीग बघून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो.

दुसरी हळहळ आमच्या शेजारच्या आजोबांची. १९६२ साली त्यांनी टपालाने एक ली-एनफिल्ड मागवली, वीस डॉलरच्या आत. म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसायची ती थ्री नॉट थ्री. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही ती बनायची. आजोबांनी पुढचं लाकूड कापलं, नळी आखूड केली आणि दुर्बीण बसवायला वर भोकं पाडली. झाली हरणाच्या शिकारीची रायफल तयार!

आता हे वेडेपण वाटतं. पण तेव्हाचा हिशोब बघा. महायुद्धानंतर देशोदेशींची गोदामं रिकामी होत होती आणि माल अमेरिकेत येत होता. शिकारीची नवी चांगली रायफल शंभर डॉलरच्या वर जायची. केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन कार्कानोसुद्धा १९६३ मध्ये अशीच टपालाने आली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला. १९६८ च्या कायद्याने टपालविक्री बंद झाली, लष्करी मालाची आयातही थांबली. १९८० च्या दशकात आयातीचं दार थोडं उघडलं, पण तोवर हजारो रायफली कापून झाल्या होत्या. न कापलेल्या आज महाग आहेत, त्याचं एक कारण हेच.

मग कापलेली रायफल पूर्ववत होते का? नुसतं लाकूड कापलं असेल तर जुनं लाकूड शोधून बसवता येतं. नळी कापली किंवा भोकं पाडली, की संपलं. म्हणून जाणकार आधी नळीची लांबी बघतात, मग सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का ते बघतात.

पण प्रत्येक खाडाखोड म्हणजे नासधूस नाही हं. जपानी अरिसाका रायफलीवर सम्राटाचं शेवंतीचं फूल कोरलेलं असायचं. शरणागतीच्या वेळी अनेक रायफलींवरचं ते फूल घासून टाकलं गेलं. फूल शाबूत असेल तर किंमत जास्त मिळते, पण घासलेली जागाही इतिहासच सांगते.

आजोबांना मी विचारलं, पैसे गेले म्हणून वाईट वाटतं का? ते म्हणाले, "छे! त्या रायफलीने वीस हिवाळे घरात मांस आणलं. पण दस्त्यावर एक पितळी चकती होती. त्यावर पलटणीची खूण होती. मी ती उपटून फेकली. ही कोणत्या पलटणीची, कुठे लढली, हे आता कुणालाच कळणार नाही."

मला वाटतं, खरा तोटा हाच. न घेतलेली वस्तू जास्त पैसे मोजून पुन्हा मिळू शकते. पुसलेली खूण नाही मिळत.

तेव्हा मंडळी, घरात आजोबांचं घड्याळ, पेटी, काहीही जुनं असेल, तर घासायच्या-रंगवायच्या आधी मोबाईल काढा आणि प्रत्येक शिक्क्याचा, नंबराचा फोटो घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात!