वारेची खबर आईच्या रक्तातून

आठव्या महिन्यात काही कारणाने लिव्हर फंक्शन टेस्ट झाली, की रिपोर्टमधला एक आकडा हमखास ठळक अक्षरांत छापून येतो: अल्कलाइन फॉस्फेटेज. नेहमीच्या मर्यादेच्या दुप्पट, कधी तिप्पट. घरात लगेच काविळीची चर्चा सुरू होते. पण बाकीचे आकडे ठीक असतील, तर यात यकृताचा बहुधा काहीच दोष नसतो. वाढलेलं विकर, म्हणजे एन्झाइम, वारेतून आलेलं असतं. लॅबने छापलेली मर्यादा मात्र गरोदर नसलेल्या माणसांची असते.

वारेतली विकरं आईच्या रक्तात कशी येतात?

वारेला झाडाच्या मुळांसारखे असंख्य बारीक फाटे असतात आणि ते थेट आईच्या रक्तात बुडालेले असतात. या फाट्यांवरच्या पेशींच्या थरातून बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळतं. हाच थर संप्रेरकं आणि विकरं तयार करतो आणि ती आईच्या रक्तात उतरतात. म्हणजे बाळाला धक्का न लावता, आईच्या दंडातून काढलेल्या रक्तावरून वारेचा अंदाज घेता यावा, ही कल्पना अगदी रास्त होती.

तीन जुन्या चाचण्या

सोनोग्राफी घरोघर माहीत होण्याआधी, 1960 आणि 1970च्या दशकांत, या कल्पनेवर पुष्कळ काम झालं. वारेचं अल्कलाइन फॉस्फेटेज उष्णतेला दाद देत नाही. रक्तद्रव 65 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवला, की हाडातलं आणि यकृतातलं फॉस्फेटेज निकामी होतं, वारेचं तेवढं टिकतं. वेगळं काढायची ही युक्ती साधी आणि सुंदर होती.

दुसरं विकर ऑक्सिटोसिनेज. गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं ऑक्सिटोसिन ते तोडतं आणि वार वाढते तसं रक्तात वाढत जातं. तिसरं डायअमाइन ऑक्सिडेज, हिस्टामिन निष्प्रभ करणारं. ते पहिल्या वीस आठवड्यांत झपाट्याने चढतं, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांसाठी त्याचा विचार झाला.

मग त्या मागे का पडल्या?

पहिली अडचण म्हणजे निरोगी बायकांमध्येच आकड्यांचा फरक प्रचंड. एकीचा नॉर्मल आकडा दुसरीच्या बाबतीत काळजीचा वाटावा इतका. त्यामुळे एकदा तपासून काही कळत नसे, पुन्हा पुन्हा रक्त घेऊन आलेख काढावा लागे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वार लहान राहिली, तर विकर कमी तयार होतं आणि आकडा उतरतो. पण वारेच्या पेशींना इजा झाली, तर त्यांच्यातलं विकर रक्तात सांडतं आणि आकडा चढतो. दोन्ही एकाच वेळी घडत असेल, तर आकडा जागच्या जागी राहतो आणि सगळं आलबेल असल्याचा भास होतो. शिवाय विकर बनवणं आणि प्राणवायू पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नीट चाललंय म्हणून दुसरंही चाललं असेल, असं नाही. वार अचानक सुटली, तर आदल्या दिवशीचा उत्तम रिपोर्ट काय कामाचा?

संप्रेरकांच्या चाचण्यांचंही फार वेगळं झालं नाही. वारेच्या जैवरासायनिक चाचण्यांचा 2015चा कॉक्रेन आढावा इस्ट्रोजेन आणि प्लासेंटल लॅक्टोजेन या संप्रेरकांच्या जुन्या प्रयोगांवर, एकूण 740 स्त्रियांच्या माहितीवर, उभा आहे. चाचणी केल्याने बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. दरम्यान कलर डॉप्लरने नाळेतला रक्तप्रवाह प्रत्यक्ष दाखवायला सुरुवात केली होती.

डबल मार्करमधलं विकर

तरीही एक विकर आज आपल्याकडच्या शहरांत सर्रास मोजलं जातं, फक्त ते विकर आहे हे फारसं कुणी सांगत नाही. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या डबल मार्करमधलं पॅप-ए. त्याचा शोध 1974चा. ते प्रथिनं तोडणारं विकर आहे हे 1999मध्ये कळलं. वाढीच्या घटकांना बांधून ठेवणारं एक प्रथिन ते तोडतं आणि ते घटक मोकळे करतं.

डबल मार्कर केली जाते ती मुख्यतः डाउन सिंड्रोमची शक्यता पाहण्यासाठी. पण गुणसूत्रांचा धोका कमी असूनही पॅप-ए फार कमी, साधारण 0.4 एमओएमखाली, असेल तर बाळाची वाढ खुंटण्याची आणि प्री-एक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या विकाराची, शक्यता वाढते. एमओएम म्हणजे त्याच आठवड्याच्या गरोदर स्त्रियांच्या मधल्या आकड्याशी केलेली तुलना. वजन, जुळी, आयव्हीएफ, धूम्रपान यांनी तो बदलतो, म्हणून फॉर्म नीट भरणं महत्त्वाचं. पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक जणींची बाळंतपणं सुखरूप होतात, हेही लगेच सांगायला हवं.

आता चाचणीकडून काय अपेक्षा आहे?

वार आज कशी आहे, हा प्रश्न मागे पडून कुणावर जास्त लक्ष ठेवायचं, हा पुढे आला, आणि माझ्या मते हे शहाणपणाचं झालं. 2017च्या अ‍ॅस्प्रे प्रयोगात आईची माहिती, रक्तदाब, गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉप्लर, पॅप-ए आणि पीएलजीएफ हे प्रथिन एकत्र धरून जास्त धोक्याच्या स्त्रिया निवडल्या. रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मुदतपूर्व प्री-एक्लॅम्पसियाचं प्रमाण 1.6 टक्के राहिलं, न घेणाऱ्यांत 4.3 टक्के. हे औषध स्वतःहून सुरू करायचं नाही.

पुढच्या महिन्यांत एसफ्लिट-1 हे आणखी एक प्रथिन आणि पीएलजीएफ यांचं गुणोत्तर उपयोगी पडतं. ही विकरं नव्हेत. गुणोत्तर 38 किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया होण्याची शक्यता फार कमी.

रिपोर्टची वाट पाहू नका

डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणं यांतलं काहीही झालं, तर लॅबमध्ये न जाता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते. तिथे बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायला चुकू नका.