दहा फूट आणि पन्नास मीटर

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात चिखली रोडला एका धुऱ्यावर मला मायकेल जॉर्डन भेटला. म्हणजे त्याचं बनियन भेटलं. लाल, बिनबाह्यांचं, छातीवर २३ हा आकडा आणि त्याच्यावर रागावलेल्या बैलाचं तोंड. आत दहा-अकरा वर्षांचा पोरगा, हातात काठी, पुढे सात-आठ शेळ्या. मी गाडी स्टँडला लावली.

"कोणाचं रे हे बनियन?"

"माहंच हाये."

"तसं नाही. हा तेवीस नंबर कोणाचा?"

त्याने मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. इतके दिवस अंगात घालून त्याने बहुतेक ते वाचलंच नव्हतं. मग म्हणाला, "पोळ्याचं असंन. बैल हाये नं त्याच्यावर."

शिकागो बुल्स, जॉर्डनचा संघ. बुल म्हणजे बैल. उत्तर चूक कसं म्हणणार? जॉर्डन बुल्सकडून शेवटचा सामना खेळला तो जून १९९८मध्ये. तेव्हा या पोराचा बाप शाळेत असेल. तरी हे बनियन आठवडी बाजारात शंभर-दीडशेला मिळतं, आणि सोयाबीनच्या धुऱ्यापर्यंत पोचतं. मी बास्केटबॉलचा वेडा आहे. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचला पांघरुणात मोबाइल घेऊन बसतो आणि आईला वाटतं पोरगा अभ्यासाला उठला. एवढी वर्षं बघूनही एक कोडं सुटत नव्हतं: याच खेळाला असले देव कुठून मिळतात? हॉकीपटू रस्त्याने गेला तर कोणी वळून बघत नाही. बास्केटबॉलवाल्याचा नुसता आकडा शेळ्या राखतो.

मला आता वाटतं, याचं उत्तर जाहिरातीत नंतर आणि खेळाच्या बांधणीत आधी सापडतं.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी एका प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेले, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे विद्यार्थी. नेस्मिथना असा खेळ हवा होता ज्यात जोर कामाचा नाही. त्यांनी डोकं असं चालवलं: गोल उभा असला की माणूस चेंडू दणकून मारतो, तोच आडवा करून डोक्यावर टांगला, तर चेंडू वर उचलून अलगद सोडावा लागेल. शाळेच्या शिपायाकडे त्यांनी खोकी मागितली, त्याने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. हॉलला वरून गॅलरी होती, तिच्या कठड्याला टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंग आजही दहा फुटांवर आहे, म्हणजे जगभरातल्या मैदानांची उंची त्या एका कठड्याने ठरवली. पहिला सामना १-० असा संपला, आणि टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू वर चढून काढावा लागे. आज एकेक संघ शंभरावर गुण करतो हे नेस्मिथना सांगितलं असतं, तर त्यांनी शिपायाला आधी शिडी आणायला पाठवलं असतं.

आता घरातली एक बांगडी घ्या. डोळ्यासमोर धरून तिच्यातून आरपार पाहिलं तर गोल दिसते. हळूहळू आडवी करत न्या. लंबगोल होत होत शेवटी नुसती रेघ उरते. चेंडूला रिंग अशीच दिसते. रिंगचा व्यास साधारण ४६ सेंटीमीटर, चेंडूचा २४. चेंडू सरळ वरून पडला तर त्याला पूर्ण गोल मिळतो, जवळजवळ दोन चेंडू मावतील इतका. पण तिरका येऊ लागला की गोल चेपत जातो, आणि जमिनीशी सुमारे ३२ अंशांपेक्षा आडवा आला की कड्याला न घासता आत जाणं भूमितीलाच मान्य नाही. ४५ अंशांत आला तर त्या लंबगोलाची अरुंद बाजू ३२ सेंटीमीटर भरते. त्यातून चेंडूचे २४ वजा करा. उरतात आठ. चुकायला एवढीच मुभा. हा आठाचा आकडा गाठीला बांधून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि असं वरून पडायला चेंडूला हवेत उंच कमान घ्यावी लागते. या कमानीमुळेच आपण अडकतो. लांबून नेम धरणाऱ्या स्टीफन करीने बावीस-तेवीस फुटांवरून चेंडू सोडला की तो दीडएक सेकंद हवेत असतो. बंदुकीची गोळी दिसत नाही, क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू बॅटवर येईपर्यंत अर्धा सेकंदही लागत नाही. इथे मात्र दीड सेकंद वीस हजार माणसं माना वर करून, तोंड उघडं ठेवून बसतात, आणि चेंडू पडायच्या आधी करी पाठ फिरवून परत निघालेला असतो. त्या दीड सेकंदात माणसाचा देव होतो.

पण नुसती रिंग पुरली नाही. नोव्हेंबर १९५०मध्ये फोर्ट वेन पिस्टन्स आणि मिनियापोलिस लेकर्स यांचा सामना किती-किती असा संपला असेल? १९-१८. लेकर्सकडे जॉर्ज मायकन होता, त्या काळचा सगळ्यात मोठा तारा. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेर पाटी लागली होती: जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स. त्याच्या संघाचं नावच नव्हतं. पिस्टन्सने विचार केला, याच्या हाती चेंडू लागूच नये, मग नुसता आपल्यातच फिरवत बसू. अडवायला नियम नव्हता. लेकर्सच्या अठरापैकी पंधरा गुण मायकनचे होते, आणि प्रेक्षक जांभया देत होते. पिस्टन्स असे वेळ मारून नेत जिंकले.

यावर तोड काढली ती बोलिंगचा धंदा करणाऱ्या एका संघमालकाने. डॅनी बियासोन त्यांचं नाव. त्यांचा हिशेब किराणा दुकानदाराला शोभेल असा: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू मारतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. भागा. २४ आले. चोवीस सेकंदांत चेंडू रिंगकडे मारा, नाहीतर समोरच्याला द्या. १९५४मध्ये घड्याळ लागलं. तेव्हापासून दर चोवीस सेकंदांनी कोणालातरी पुढे व्हावंच लागतं. नाटक कंपनीत जसं "एंट्री" म्हणून आतून ढकलतात, तसं हे घड्याळ नटाला रंगमंचावर ढकलतं.

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. मैदानावर एका बाजूचे फक्त पाच. ना हेल्मेट, ना पॅड, ना जाळी. दंड उघडे, घाम दिसतो, शिवी ओठांवर वाचता येते. पहिल्या रांगेतला प्रेक्षक तर मैदानाच्या फळीवरच पाय ठेवून बसलेला. १ जून १९९४ची गोष्ट: गार्डनमध्ये सिनेदिग्दर्शक स्पाइक ली पहिल्या रांगेत बसून इंडियानाच्या रेजी मिलरला डिवचत होता. मिलरने शेवटच्या बारा मिनिटांत २५ गुण ठोकले, आणि प्रत्येक बास्केटनंतर वळून लीशीच भांडत राहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत दोघंही. नट प्रेक्षकांत आणि खेळाडू रंगमंचावर, अशी ही उलटी जत्रा. कोण कोणाला बघायला आलंय हेच कळत नाही. आमच्याकडे वानखेडेवर पाहुणे काचेच्या खोलीत बसतात. तिथे मिलरसारखं भांडण होणं अवघड.

बूट, बनियन, जाहिरात हे सगळं यानंतर आलं. १९८४मध्ये जॉर्डनने बूट कंपनीशी करार केला. त्याच्या बुटांचे रंग नियमात बसत नाहीत असं लीगने बजावलं, तर कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली. हुशारी खरीच. पण ज्याला पाहून लोक तोंड उघडं ठेवत होते, त्याच्याच पायात ते बूट होते म्हणून ती चालली. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तर समोरच्या संघातले खेळाडू हरण्याच्या आधी अमेरिकन संघासोबत फोटो काढून घेत होते.

या सगळ्या झगमगाटात आपला एक मराठी माणूस शिरलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीत, नाव आणि पैसा सॉफ्टवेअरमध्ये. कॅलिफोर्नियात लेकीच्या शाळकरी संघाला शिकवायची वेळ आली तेव्हा बास्केटबॉल त्यांना जवळजवळ अनोळखी होता. त्यांना एक प्रश्न पडला, जो मुरलेल्या माणसाला पडत नाही: गुण मिळवला की सगळे आपल्या टोकाला पळत का जातात? ९४ फुटांचं मैदान, त्यातला मोठा तुकडा समोरच्याला फुकट का सोडायचा? शाळकरी सामन्यांचा नियम सांगतो, चेंडू पाच सेकंदांत आत टाका आणि दहा सेकंदांत अर्धं मैदान पार करा. मग तिथेच अडवू! उंची नाही, नेम नाही, अशा बारा वर्षांच्या पोरी समोरचीच्या नाकासमोर हात नाचवत उभ्या राहिल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. समोरचे प्रशिक्षक चिडायचे, हा काय खेळ झाला म्हणून. लेखक माल्कम ग्लॅडवेलने २००९मध्ये त्यावर लेख लिहिला आणि तो गाजला. आमच्या सिंदखेडराजाच्या माणसाला तो वाचून फार नवल वाटू नये. जिजाऊंचं माहेर ते. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला खिंडीत गाठायचं असतं हे इथे चौथीच्या पुस्तकातच कळतं.

रणदिव्यांनी २०१३मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. त्याचं मोल तेव्हा ५३ कोटी ४० लाख डॉलर धरलं गेलं. एनबीए या अमेरिकी लीगमधल्या संघाचा मुख्य मालक झालेला हा पहिला भारतात जन्मलेला माणूस. ऑक्टोबर २०१९मध्ये हाच संघ ते वरळीच्या डोममध्ये घेऊन आले आणि इंडियाना पेसर्सकडून जादा वेळेत १३१-१३२ असे हरले. पोरं मात्र बेंबीच्या देठापासून ओरडत होती. त्यांच्या दृष्टीने हरलं कोणीच नव्हतं.

आता आठाच्या आकड्याकडे येऊ.

बुलढाण्याचा प्रथमेश जवकार कंपाउंड धनुष्य चालवतो. या धनुष्याच्या दोन टोकांना चाकं असतात, पण ती गोल नसतात, मुद्दाम वाकडी घडवलेली असतात. दोरी ओढताना सुरुवातीला सगळा भार हातावर येतो. पूर्ण ओढली की चाक फिरून अशा जागी येतं की भार एकदम उतरतो, तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर. विहिरीतून भरलेली बादली ओढावी आणि काठाशी आल्यावर ती अचानक पाऊण रिकामी झाल्यासारखी वाटावी, तसं. त्यामुळे तिरंदाज दोरी ताणून शांत उभा राहू शकतो. समोर पन्नास मीटरवर निशाण, आणि त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास किती? आठ सेंटीमीटर. आमटीच्या लहान वाटीचं तोंड. करीला सहा-सात मीटरवरून जेवढी चुकायची मुभा, तेवढीच इथे पन्नास मीटरवरून. एका बाणाला वीस सेकंद, असे पंधरा बाण, कमाल १५० गुण.

मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषकात एकोणीस वर्षांचा प्रथमेश नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसमोर उभा होता. श्लोसर तेव्हा जगात पहिला. त्याला 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात आणि ते उगाच नाही. प्रथमेश जिंकला, १४९-१४८. त्याच वर्षीच्या विश्वचषक अंतिम फेरीत, मेक्सिकोतल्या हर्मोसिलोला, उपांत्य सामन्यात पुन्हा श्लोसर; या वेळी १५०-१४९. पंधरापैकी पंधरा बाण वाटीत! ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण घेतलं, तेही तिरंदाजीचं माहेरघर असलेल्या दक्षिण कोरियाला हरवून.

मग याचं बनियन बाजारात का नाही? बांधणी. बाण अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात पोचतो. मान वर करायलाही उसंत नाही. माणूस इथे, निशाण तिथे. दोन्ही एका नजरेत मावत नाहीत, टीव्हीला पडदा कापावा लागतो. दोरी नाकाला आणि ओठांना टेकलेली, चेहरा अर्धा झाकलेला. आणि चांगल्या तिरंदाजाचं लक्षणच असं की त्याच्या चेहऱ्यावर काही दिसू नये. रेजी मिलर तिथे पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

आमच्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं तरी काय झालं? पावणेदोन किलोमीटर रुंद विवर, हजारो वर्षं जागच्या जागी. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं, क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि एका रात्रीत देशभर फोटो. विवर होतं तेच होतं. रंग बदलला तेव्हा लोकांनी पाहिलं.

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्य पहिल्यांदाच येतंय, मिश्र सांघिक प्रकारात. त्याच शहरात आता लेकर्स खेळतात आणि पहिल्या रांगेत सिनेनट बसतात. एखादा चुकून तिरंदाजीकडे वळला तर मजा येईल.

तर त्या दिवशी धुऱ्यावर मी पोराला मोबाइलवर शांघायचा सामना दाखवला. ऊन होतं, त्याने पडद्यावर हाताची सावली धरली. शेळ्या कोणाच्या तरी तुरीत शिरल्या, त्याला पत्ता नाही.

"कुठला हाये हा?"

"बुलढाण्याचा. आपला."

"आपला?" त्याने माझ्याकडे पाहिलं, खोटं बोलतोय का म्हणून. "किती मारले?"

"दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग तो एक कुठी गेला?"