होडी कोणाची, वल्हं कोणाच्या हाती?

मी वेसाव्याहून, म्हणजे मुंबईच्या वर्सोवा कोळीवाड्यातून बोलते आहे. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर आली. त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ लोक इथला कचरा उपसत होते. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच, "इथे पर्यटन का नाही सुरू करत?"

निसर्ग पर्यटन म्हणजे पक्षी, प्राणी, झाडं जिथल्या तिथे राहू देऊन पाहुण्यांना दाखवायची आणि त्यातून गावाला चार पैसे मिळवायचे. पण वेळ आपण ठरवायची नसते. ठाण्याच्या खाडीचं बघा. २०१५ मध्ये ते रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य झालं. ऐरोलीहून होडीच्या फेऱ्या निघतात, त्या भरती-ओहोटी पाहून. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चोच घालून खातो. पाणी फार ओसरलं तर होडी रुतते आणि होडी फार जवळ नेली तर थवा उडतो, त्याचं खाणं अर्धवट राहतं. पाहुणा म्हणतो, "अजून थोडं पुढे घ्या, फोटो हवाय." तिथे नाही म्हणता आलं पाहिजे. पावसाळ्यात तर बहुतेक पक्षीच नसतात!

आता वेंगुर्ल्याला चला. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. वल्हं त्यांच्याच हातात. पाहुण्यांना तिवराची झाडं, पक्षी त्याच दाखवतात. आम्हा कोळणींच्या घरी होडी पुरुषाची आणि मासळीची पाटी बाईची. म्हणून मला हे फार मोठं वाटतं. होडी दुसऱ्याची असेल तर आपल्या वाट्याला जेवण रांधणं आणि भांडी तेवढी उरतात. त्याचेही पैसे मिळतात, पण तिकिटाचा हिशोब आपल्याला दिसत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी सरकारची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. तिच्यात खेकडापालन, कालवंपालन आणि निसर्ग पर्यटनही येतं. गटाला खर्चाच्या ९० टक्के अनुदान आणि गटाचे १० टक्के, असा हिशोब असतो. चौकशी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे करा.

जाण्याआधी गटात बसून काही गोष्टी मात्र बोलून घ्या. दिवसाला किती फेऱ्या? लाइफ जॅकेट कोण घेणार? तिकिटातलं किती गटाच्या खात्यात जाणार? अभयारण्याच्या हद्दीत असाल तर आणखी एक विचारा: पाहुण्यांची होडी फिरेल, पण आपल्या माणसाचं जाळं कुठे टाकू देणार? उत्तर लेखी मागा. आणि सुकटीचा धंदा इतक्यात बंद करू नका. पावसाळ्यात होडी काठावरच बांधलेली असते.