घरंगळगाडी आणि घड्याळ



आमचे नाव पत्रिकेत वाचून, आज पगारवाढीवर भाषण होणार असे पुष्कळांना वाटले असेल. आम्ही बोलणार आहोत ते लाकडाच्या एका सात इंची खेळण्याविषयी. पगाराचा विषय मध्येच डोकावणार नाही, अशी हमी मात्र देता येत नाही. घड्याळ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पगार उभा राहतो, त्याला आमचा इलाज नाही.

आपल्याकडे गल्लीतली पोरे गॅरेजमधली जुनी बेअरिंगे फळीला ठोकून गाडी करतात आणि उतारावरून सोडून देतात. अमेरिकेत त्याच हौसेला नियम बसवले गेले. १९३४ पासून तेथे सोपबॉक्स डर्बी नावाची मुलांची राष्ट्रीय शर्यत सुरू झाली. मुलाने स्वतः गाडी बांधायची, तीत बसायचे, इंजिन नाही, उतार हेच इंजिन. डॉन मर्फी या गृहस्थांचा मुलगा त्या शर्यतीसाठी वयाने लहान ठरला. मर्फी विमानाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि बालवीरांचे पथकही चालवीत. त्यांनी पाइन लाकडाचा ठोकळा, चार चाके आणि आसाच्या जागी चार खिळे अशी लहान गाडी योजली. १५ मे १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे तिची पहिली शर्यत झाली. तीच पाइनवुड डर्बी. खर्चाला हात लावला तो त्या कारखान्याच्या मॅनेजमेंट क्लबने. व्यवस्थापनाच्या हातून झालेली चांगली गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने नोंदवतो. असे प्रसंग फार येत नाहीत.

आज बहुतेक ठिकाणी नियम असा, की गाडी सात इंचांहून लांब नसावी आणि वजन पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमच्या, वर जाऊ नये. पुष्कळ ठिकाणी धावपट्टी बेचाळीस फुटांची असते. आरंभीचे टोक सुमारे चार फूट उंच, मग उतार, मग सपाट पट्टी. गाडी साधारण तीन सेकंदांत पोहोचते. वेळ मोजणारे यंत्र सेकंदाचा हजारावा भाग दाखवते, काही त्याहूनही बारीक. शेवटच्या रेषेवर गाडीचा वेग सेकंदाला पंधरा फुटांच्या आसपास असतो. म्हणजे एका सहस्रांशात ती साडेचार मिलिमीटर पुढे जाते, ज्वारीच्या दाण्याएवढी. शर्यती अशा दाण्यादोनदाण्यांवर ठरतात.

आमचा भाचा तिकडे नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या मुलाने गाडी केली आणि सरावाच्या दिवशी सोडून पाहिली. पहिली वेळ आली ३.०५२, दुसरी ३.११०, तिसरी ३.०७४. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही मूळचे फिटर. सांगा, काय बिघडलंय?" आम्ही विचारले, "मधे काय काय केलंस?" पहिल्या फेरीनंतर त्याने वंगण घातले होते, दुसऱ्यानंतर वजन मागे सरकवले होते आणि एक खिळाही जरा वाकवला होता. आता तीन फेऱ्या, तीन वेगळ्या गाड्या. तुलना करणार कशाची? आम्ही म्हटले, "आता हात लावू नकोस. आहे तशी दहा वेळा सोड आणि दहाही आकडे लिहून ठेव."

ही सूचना ऐकायला आळशीपणाची वाटते, पण सगळे मर्म तीत आहे. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात उतारावरून घरंगळणाऱ्या काशाच्या गोळ्याचा प्रयोग दिला आहे. तेव्हा घड्याळे बेताचीच. त्याने बारीक धारेने पडणारे पाणी तोलून वेळ मोजला. पण प्रयोग शंभर शंभर वेळा केला, आणि फरक नाडीच्या एका ठोक्याच्या दशांशाइतकाही पडत नाही असे पाहिल्यावरच निष्कर्ष लिहिला. एकाच गाडीच्या वेळा आपसांत किती फाकतात हे कळल्याशिवाय, दोन गाड्यांतला फरक खरा की भासाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दहा आकडे हाती आले म्हणजे पहिला प्रश्न असा, की दोष कोठे आहे? फेरीतल्या सगळ्याच गाड्या एकदम हळू दिसत असतील तर संशय आरंभीच्या फाटकावर घ्यावा. फाटकाच्या खुंट्या खाली पडतात त्याच क्षणी घड्याळ सुरू झाले पाहिजे. तेथले बटण कधी लवकर तर कधी उशिरा दाबले गेले, तर सर्वांच्या वेळा एकाच मापाने हलतात. फेरीतला क्रम खरा राहतो, पण दुसऱ्या फेरीशी तुलना खोटी पडते. कोणतीही गाडी एका विशिष्ट पट्टीवर घातली की मागे पडत असेल, तर पट्टीचा सांधा किंवा तिच्यावरची धूळ पाहावी. पट्टी आडवी समपातळीत आहे का, हे गवंड्याच्या पाणसळीने कळते. शेवटच्या रेषेवर अदृश्य प्रकाशाचे झोत असतात. खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी त्यावर आली तर यंत्र गोंधळू शकते. हे सारे निर्दोष निघाले तर मग गाडी उलटी करून पाहावी.

गाडीतला मोठा चोर म्हणजे नागमोडी चाल. पट्टीच्या मधोमध एक उंच फळी असते आणि गाडी तिला दोन पायांत घेऊन धावते. चाके फळीला चाटू नयेत म्हणून थोडी ढिलाई ठेवलेली असते. गाडी सरळ नसली तर ती डावीकडे फळीवर आपटते, उसळून उजवीकडे जाते, पुन्हा आपटते. प्रत्येक आपटीला वेग खर्च होतो, आणि आपट्या किती बसतील हे प्रत्येक फेरीत वेगळे. म्हणून वेळाही वेगळ्या. जाणते लोक यावर मोठी गमतीची युक्ती करतात. गाडी अगदी सरळ करण्याच्या मागे न लागता ते पुढच्या चाकाचा खिळा किंचित वळवून तिला जाणूनबुजून एका बाजूला ओढ देतात. सपाट फळीवर चार फूट ढकलली तर काही इंच बाजूला जावी, इतकी. मग ती पहिल्यापासून फळीला अलगद टेकून राहते. घर्षण थोडे होते, पण दर वेळी तेवढेच होते.

वजनाचेही असेच आहे. वजन मागे ठेवले की गाडीचा भारबिंदू उतारावर जास्त उंचीवरून निघतो. तीस अंशांच्या उतारावर एक इंच मागे गेला तर अर्धा इंच वर चढतो. तेवढी जास्त शक्ती फुकट मिळते. पण फार मागे नेले तर पुढची चाके हलकी होऊन गाडी डोलू लागते. मग एखादी वेळ झकास येते आणि पुढची तीन वाईट. सर्वांत चांगली वेळ मिरवणाऱ्यांना हे दिसत नाही.

राहिले वंगण. खिळ्याच्या डोक्याखालची बर कानशीने काढायची, पॉलिशपेपरने आस चकचकीत करायचा आणि शिसपेन्सिलीतल्या काळ्या भुकटीसारखे ग्राफाइट घालायचे. पहिल्या काही फेऱ्यांत ते जागेवर बसते आणि वेळ सुधारते. पुढे झडत जाते तशी वेळ वाढू लागते. येथे सावध राहावे. जुनी रचना सकाळी तपासली आणि नवी दुपारी, तर नव्या रचनेला झडलेल्या ग्राफाइटचा दंड बसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: जुनी, नवी, नवी, जुनी. समजा, दर फेरीला २ सहस्रांश वाढतात. जुनीला ० आणि ६ चा भार पडला, नवीला २ आणि ४ चा. सरासरी दोघींची ३. भार फिटला, उरेल तो रचनेचा फरक. अर्थात हे वजन सरकवण्यासारख्या, पुन्हा पूर्ववत करता येणाऱ्या बदलांनाच लागू आहे.

आता पगार डोकावतो. एका कारखान्यात भोके पाडण्याच्या मशीनवर नवा दर बसवायचा होता. टाइम-स्टडीवाले साहेब सकाळी आले, नुकताच धार लावलेला ड्रिल होता, त्यांनी तीन नगांची वेळ घेतली आणि सर्वांत कमी आकडा उचलला. आम्ही स्टूल टाकून पूर्ण पाळीभर बसलो आणि शाळेच्या वहीत साठ नगांच्या वेळा लिहिल्या. सर्वांत जलद नग २ मिनिटे १० सेकंदांचा, सर्वांत सावकाश ३ मिनिटे २५ सेकंदांचा. साहेब म्हणाले, "माणूस मुद्दाम हळू करतोय." आमच्यातही काही जण म्हणत होते, की फक्त मोठे आकडे पुढे ठेवा. आम्ही सगळी वही ठेवली. आकडे कसेही विखुरलेले नव्हते. धार बोथट होईल तसे ते पायरीपायरीने वाढत होते आणि धार लावली की पुन्हा खाली येत होते. माणूस टंगळमंगळ करतो तेव्हा आकडे असे शिस्तीत चढत नाहीत. दर त्या वहीवरून ठरला. धार लावण्याचा वेळही त्यात धरला गेला.

उलट दिशेनेही हे हत्यार चालते. १९७३ च्या सोपबॉक्स डर्बीत चौदा वर्षांच्या विजेत्याच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. आरंभीचे लोखंडी फाटक खाली पडताना तो गाडीला पुढे ओढून घेत असे. संशय येण्याचे एक कारण वेळांतच होते. लाकडी गाड्या फेरीगणिक सहसा जलद होत जातात, याची मात्र हळू होत गेली, कारण बॅटरी उतरत होती.

भाच्याच्या मुलाच्या दहा आकड्यांत चढही नव्हता, उतारही नव्हता. नुसते विखुरलेले होते, लहानमोठ्यांत ५१ सहस्रांशांचे अंतर. दुसऱ्या गाड्या त्याच पट्टीवर नीट धावत होत्या. तेव्हा नागमोडी चाल, दुसरे काही नाही. मुलाने स्वतः पक्कडीने पुढचा डावा खिळा केसभर फिरवला आणि पुन्हा दहा वेळा गाडी सोडली. अंतर ९ वर आले.

शर्यतीनंतर त्याचा फोन आला. "आजोबा, सहा फेऱ्यांत फक्त सात सहस्रांशांचा फरक!" नंबर तिसरा आला, हे आम्हाला विचारून घ्यावे लागले.